पाहुण्यांना पाणी द्या

देवानं मला डोळे दिले, तोंड दिलं, पण डोकं वाटायच्या वेळी त्याच्याकडं फार गर्दी असावी. नाहीतर ज्या माणसाला एकट्यानं घराबाहेर पडू द्यायचं नाही, त्याला भरदुपारी दोन महालक्ष्म्यांच्या भरवशावर सोडून मी आघाडा तोडायला गेले नसते. याला कुणी भक्ती म्हणेल, तर तेवढी भक्ती माझ्या अंगात कधीच नव्हती. मी गेले ती एका हिरव्या दिव्याकडं बघून. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी उलटली होती, पण गुडघे अजून माझं ऐकत होते.

तो दिवा ज्यांच्या घरात होता त्यांचं नाव मी सांगणार नाही. सगळं सेनगाव त्यांना 'बाई' म्हणायचं, आपणही बाईच म्हणू. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्या लेकाची सेनगावला बदली झाली तेव्हा आम्ही त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली बाई आणि त्यांचे मिस्टर. काका एसटीत कंडक्टर होते आणि आता सगळं विसरत चालले होते. जेवलो का नाही हे विसरायचे, पोरगं कुठल्या गावाला असतं हे विसरायचे. ड्युटी तेवढी विसरत नव्हते. मनात आलं की उठायचे आणि ड्युटीवर निघायचे. एकदा असेच पार नदीच्या पुलापर्यंत गेले होते.

बाईंच्या पुण्याच्या मुलाचं म्हणणं एकच होतं, "आई, बाहेर जाताना कडी लाव. नाहीतर बाबांना इकडं एखाद्या संस्थेत ठेवू." बाईंचंही म्हणणं एकच, "कडी लागणार न्हाई, आन् माणूस घर सोडणार न्हाई."

मग कडीच्या जागी बाईंनी काय लावलं, तर सगळं घर कामाला लावलं.

पहिल्या दिवशी खोल्या बघायला गेले तेव्हाची गोष्ट. उंबऱ्यावर पाय ठेवला तर भिंतीतून आवाज आला, "पाय पुसा." मी पुसले. इकडं तिकडं बघितलं, कुणी नाही. "पुसले वो," मी म्हणाले. भिंत गप्प. मला वाटलं घरमालकीण चिडली. मी पुन्हा पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोनदा पुसले बाई, आता येऊ का?" तेवढ्यात मागून, गेटातून, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन बाई आल्या. बघत उभ्या राहिल्या. "शिकलेली दिसत न्हाईस," म्हणाल्या, "पण संस्कार चांगले हायेत. खोल्या तुला दिल्या."

बाई सगळ्यांना अरे-तुरेच करायच्या. तालुक्याच्या साहेबालासुद्धा. त्यातल्या निम्म्यांना त्यांनी शाळेत अंगठे धरायला लावलेलं होतं, आणि उरलेल्यांना लावायचं राहून गेलं असं त्यांचं मत होतं.

अंगावर कायम फिकट सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात तिथं कमरेला स्क्रू ड्रायव्हर. मसाल्याचे डबे दोन. एकदा फोडणीला मोहरी उसनी आणायला गेले आणि चुकीचा डबा उघडला. बोटांना बारीक तारांचे पाय लागले. सर्किटाचे सुटे भाग, रंगाप्रमाणं वेगळे, वाटीवाटीत भरलेले. "हात काढ," बाई ओरडल्या, "ती हळद न्हाई, फार महाग हाय." गल्लीतल्यांचे फुटके मोबाइल त्या मागून आणायच्या आणि त्यांचे कॅमेऱ्याचे डोळे काढून भिंतींना बसवायच्या. लाइट गेली की हे सगळं चालायचं ते ट्रॅक्टरच्या एका जुन्या बॅटरीवर. कुठून शिकल्या? मोबाइलवर व्हिडिओ बघून. चिडायच्याही त्या व्हिडिओतल्या पोरांवर, "अरे, फळ्याकडं तोंड करून काहून बोलून राहिला?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जे काम करताना डोकं लागत न्हाई, ते डोकं नसलेल्याकडं द्यावं." म्हणून पाण्याची मोटर लाइट आली की आपोआप सुरू आणि टाकी भरली की आपोआप बंद. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद. काका पहाटे उठून बसले की न्हाणीतला दिवा लागायचा. दुपारी उठून बसले तर दिवा नाही, रेडिओ लागायचा. उठणं तेच, पण घर वेळ बघून वागायचं. मी म्हणाले, "बाई, एवढं तर माझ्या सुनेलाबी कळत न्हाई." सून जिन्यात उभी होती. तो आठवडा मला भाजीत मीठ मिळालं नाही.

पण सगळंच काही त्या घराकडं देत नव्हत्या. चहा काका स्वतः करायचे. हाताला सवय होती, हात विसरले नव्हते. फक्त साखर दोनदा पडायची. तर बाईंनी साखरेच्या डब्याच्या झाकणाला काहीतरी चिकटवलं. झाकण दुसऱ्यांदा उघडलं की भिंत म्हणायची, "साखर झाली." मी म्हणाले, "शेगडीच शिकवा की चहा करायला." बाई माझ्याकडं असं बघत्या झाल्या, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडले. "जे ह्यांना येतं ते घरानं करायचं न्हाई. आज चहा काढून घेतला तर उद्या ह्यांच्याकडं काय राहील?"

भिंतीतला आवाज बाईंचाच. त्यांनीच बोलून भरून ठेवलेला. त्यामुळं व्हायचं काय, की काका भिंतीशी बोलायचे. "अहो, चष्मा घ्या" म्हटलं भिंतीनं, की काका म्हणायचे, "घेतो गं, किती मागं लागती." कधी तर बाई समोर उभ्या असायच्या आणि काका उत्तर द्यायचे ते भिंतीकडं बघून. मला कसंतरी झालं. विचारलं, "बाई, वाईट न्हाई वाटत?" त्या तारेला सोल्डरचा डाग देत होत्या, मान वर केली नाही. "ऐकून तर माझंच राहिले ना? मग भिंत असो न्हाईतर मी."

काकांची आणि माझी मात्र छान गट्टी होती. मी खाली उतरले की ते विचारायचे, "कुठं जायचं?" मी आमच्या गावाचं नाव सांगायचे, "डोंगरकडा." ते बोटानं हवेत तिकीट फाडायचे आणि सांगायचे, "पुढं सरका मावशी, दारात उभं राहू नका." मी सरकायचे. सांगितलं ते ऐकायचं एवढंच मला त्या घरात जमायचं.

आता दिव्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बैठकीच्या दारावर एक बारका दिवा होता. काकांजवळ कुणी बसलेलं असलं की हिरवा, काका एकटे असले की लाल. लाल असताना काका बाहेर पडले तर आमच्याकडं वर घंटी वाजायची आणि बाईंचा फोनही वाजायचा. हिरवा असताना मात्र घर तोंड मिटून बसायचं. सोबतीला माणूस आहे ना, मग यंत्रानं मधी मधी बोलू नये, हा बाईंचा कडक नियम. कोण एकटं आणि कोण सोबतीला, हे बैठकीतला मोबाइलचा डोळा माणसं मोजून ठरवायचा.

त्या वर्षी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडच्या उभ्याच्या, चांगल्या बाईमाणसाएवढ्या उंच. पत्र्याच्या कोठ्या, त्यांच्यावर मुखवटे, नेसवलेल्या नव्या साड्या, समोर दोन लेकरं. वरच्या खोलीत एक उभी केली तर दुसरीला जिन्यात उभं राहावं लागलं असतं. मी खाली गेले. बाई बौद्ध, त्यांच्या घरात देव्हारा नाही. विचारायचं कसं म्हणून मी पावसापाण्याचं, तुरीचं, सोयाबीनचं बोलत बसले. बाईंनीच विचारलं, "काय पायजे ते सांग." सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांड की बैठकीत. मी हात जोडणार न्हाई, पण तुला जागा लागती तर जागा हाय. माझ्या वायरीवर खिळा मारू नको म्हणजे झालं." डोंगरकड्याच्या माझ्या जावेला हे कळलं तर फोनवर म्हणाली, "अगं, त्यांच्या घरात?" मी म्हणाले, "व्हय. त्यांनी मागितल्याबरोबर जागा दिली. तुला मागितली असती तर तू आधी काहून काहून म्हणून विचारलं असतंस." फोन ठेवून दिला तिनं.

संध्याकाळी दोघींना साड्या नेसवून झाल्या, मुखवटे बसले, आणि भिंत बोलली, "पाहुण्यांना पाणी द्या."

आम्ही आधी एकमेकींकडं बघितलं. पाहुणे कुणी नव्हते. थोड्या वेळानं पुन्हा, "पाहुण्यांना पाणी द्या." तेव्हा ध्यानात आलं. अनोळखी माणूस बैठकीत टेकलं की घर असं म्हणायचं, आणि घरानं महालक्ष्म्यांना माणसांत मोजलं होतं. सून हसून हसून खाली बसली. मी तांब्या भरून दोघींपुढं ठेवला. काका त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "कुठं जायचं ताई?" बाईसुद्धा पदरात तोंड घालून हसल्या. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, भिंतीचं ते एक वाक्य तेवढं बंद केलं आणि म्हणाल्या, "बाकीचं सण झाल्यावर बघते."

बाकीचं म्हणजे मोजणं. ते तसंच राहिलं. त्यांच्याही लक्षात आलं नाही, आणि माझ्या तर कशाला येतंय.

दुसरा दिवस जेवणाचा. सून वर पुरण वाटत होती, लेक हापिसात. काकांच्या गोळ्या संपल्या होत्या आणि सेनगावच्या दुकानात त्या मिळेनात, म्हणून बाई हिंगोलीला निघाल्या. "बसशील ह्यांच्याजवळ?" "बसते की." बसले. काका डुलक्या घेत होते. मला आठवलं, पूजेचा आघाडा आणायचा राहिला. नाल्याच्या कडेला माजलेला होता, हाकेच्या अंतरावर. दारापर्यंत गेले, वळून बघितलं. दिवा हिरवा. मी दाराबाहेर पाय ठेवला. तरी हिरवाच.

शहाण्या बाईनं काय विचार केला असता? कालच घरानं कोठ्यांना पाणी द्यायला सांगितलं होतं, हे तिला आठवलं असतं. मी काय विचार केला? मी म्हणाले, वा, बाईंनी घर आणखी हुशार केलं, आता माझी गरज नाही. आणि पदर खोचून निघाले. नाल्यावर शेजारची एक भेटली. तिच्या सुनेचा विषय निघाला. सुनेचा विषय निघाल्यावर कुठली बाई लवकर घरी गेली आहे?

परत आले तर रेडिओ चालू, खुर्ची रिकामी, दिवा हिरवा, आणि दोन्ही महालक्ष्म्या हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत उभ्या. न्हाणीत नाहीत, परसात नाहीत. लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, काका दिसंनात."

"तू कुठं हायेस?"

"तुमच्या बैठकीत."

"आत्ता न्हाई. कुठं होतीस?"

"आघाड्याला."

बाईंनी पुढचंच विचारलं, "दिवा?"

"हिरवा. अजूनबी हिरवाच हाय." आणि मला रडू फुटलं.

"रडणं नंतर. महालक्ष्म्या मोजल्या त्या डोळ्यानं. थांब, फोन बघते." चपलांच्या मांडणीतलं पायतण उचललं गेलं की बाईंच्या फोनवर एक ओळ यायची. सोबत माणूस असलं तर फोन वाजायचा नाही, ओळ नुसती पडून राहायची. "बूट गेलेत. चप्पल असती तर मळ्याकडं गेले असते. बूट म्हणजे ड्युटी. स्टँडवर जा. पळ. मी निघालेच."

मी पळाले. माझ्या पळण्याचं वर्णन मी करणार नाही, ते सेनगावकरांनी बघितलंय. स्टँडवर काका नव्हते. शेंगा विकणारी म्हणाली, "कंडक्टरकाका व्हय? ते तर जीपमधी बसून गेले ना. गोरेगावच्या." पुढची जीप भरायची वाट बघत बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आघाड्याची जुडी अजून मुठीतच आहे. गोरेगाव येईपर्यंत ती तशीच होती. सगळ्या रस्त्यानं मी एकेक ओढा, एकेक विहीर बघत गेले. जी प्रार्थना घरी उभ्या महालक्ष्म्यांपुढं कधी नीट केली नव्हती, ती त्या जीपमध्ये केली.

गोरेगावच्या चौकात एक जीप उभी होती आणि तिच्या दाराशी काका. पायात काळे बूट, शर्ट खोचलेला. एका म्हातारीला हात देऊन चढवत होते. जीपवाला मला बघून हात जोडत पुढं आला. "मावशी, तुमचे हायेत का हे? काकानं सेनगावपासून मला गाडी चालवू दिली न्हाई बराबर. टपावर दोन थापा मारल्याबिगर हलायचं न्हाई म्हणून राहिले. बायांना पुढं बसवलं, पोरांना उठवलं. एक पोरगं लटकून चाललं तर त्याला खाली उतरवलं आन् माझ्यावरच खवळले."

काकांनी माझ्याकडं बघितलं. ओळख लागली नाही. "कुठं जायचं?"

आज डोंगरकडा म्हणायची हिंमत झाली नाही. "सेनगाव."

"बसा. उभ्यानं जायचं न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. जीपवाल्यानं आपण होऊन टपावर दोन थापा मारल्या.

घरी आलो तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता कानाखाली बसेल. त्या खाली बसल्या आणि काकांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. "झाली ड्युटी?"

"झाली. गाडी भरून होती."

"मग हातपाय धुऊन घ्या. पुरणपोळी हाय आज."

तेवढ्यात पुण्याचा फोन. माझ्या सुनेनं घाबरून मुलाला कळवलेलं. बाईंनी कानाला न लावता फोन टेबलावर ठेवला, मोठा आवाज करून.

"आई, बास झालं आता. तुझ्या त्या वायरी काढून टाक. कळतच न्हाई का तुला, मशीन फसली."

माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी फोनवर वाकले आणि ओरडले, "मशीन न्हाई फसली रे बाबा, मी फसले! मला बसवलं होतं, मी उठून गेले!"

"काकू, म्हणजे आईनं बाबांना तुमच्या भरवशावर सोडलं?"

बाईच बोलल्या. "व्हय, हिच्या भरवशावर. आन् पुढंबी सोडणार. आयुष्यभर ज्यानं लोकांना दार उघडून दिलं, त्याच्या दाराला मी कडी लावणार न्हाई. तुला यायचं तर ये."

तो आला. सणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, पिशवीत एक जाडजूड कुलूप घेऊन. बाईंनी कुलूप हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि परत त्याच्या हातात दिलं. "लाव. पण आतून लाव, आन् तू आत बस ह्यांच्यासोबत. मग माझी हरकत न्हाई."

तो वडिलांजवळ जाऊन बसला. काकांनी विचारलं, "कुठं जायचं साहेब?"

"पुण्याला, बाबा."

काका म्हणाले, "पुण्याला इथून थेट न्हाई. हिंगोलीला उतरा, तिथून पुढची मिळंल. घाई करू नका, मी बसवून देतो." आणि त्यांनी त्याचा हात धरला, चढताना तोल जाऊ नये म्हणून धरतात तसा.

संध्याकाळी मुलगा गेला तेव्हा कुलूप इथंच राहिलं होतं. "दिवाळीपर्यंत बघतो," एवढंच म्हणाला. जाताना माझ्या पाया पडला, त्यानं मी जास्त मेले. कुलूप बाईंनी बाहेरच्या मीटरच्या पेटीला लावून टाकलं. तिथं शेजारच्या शेळ्या तोंड घालायच्या.

त्या दिवशी सकाळपासून बाई बैठकीत शिडी लावून काहीतरी करत होत्या. मी महालक्ष्म्या उतरवल्या, मुखवटे कापडात गुंडाळले, कोठ्या वर नेल्या. लेकाला सांगून ठेवलं होतं की दुसरी जागा बघ, मला या घरात तोंड दाखवायला जागा नाही. सून पातेली बांधायला लागली होती. तेवढ्यात बाई जिना चढून आल्या, कमरेला स्क्रू ड्रायव्हर, हातात तो दिवा, तारा लोंबत असलेला. मी आधीच बोलले, "बाई, आमी खोल्या सोडतो." त्यांनी दिवा माझ्या पातेल्यात टाकला.

"खोल्या सोडायचं नाव काढू नकोस. दिवा मी उपटून काढलाय. दिवा बघितला की कुणीबी उठून जाईल, तू काही जगावेगळी न्हाईस. आता घर घडीघडी विचारणार, 'सोबत कोण हाय?' बसणाऱ्यानं तोंडानं उत्तर द्यायचं. उत्तर न्हाई आलं की घंटी. तुझ्या महालक्ष्म्या बोलायच्या न्हाईत, आन् तू गप बसायची न्हाईस, घराला एवढा फरक बास झाला. आन् ऐक, त्या गडबडीत गोळ्या आणायच्या राहिल्याच. उद्या मी परत हिंगोलीला जाऊन राहिले. ह्यांच्याजवळ तूच बसायचं."